दशावतार (ध्वनिमुद्रिका)
मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या हेवी मेटल वाद्यवृंदाची २०१७ मधील कथासूत्रबद्ध ध्वनिमुद्रिका. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारास येथे स्वतंत्र गीत असून, गीतांची भाषा इंग्रजी असली तरी कथा श्रोत्यास मुखोद्गत असल्यामुळे निवेदकाची दवंडी पिटावी लागत नाही. आणि अशा कृतींना हास्यास्पद करणारा भडकपणा बहुधा त्या दवंडीतूनच उपजतो. राजगडाच्या पाली दरवाजाखालील पाली गावात शाहिराने गडाची ओळख करून देत बसावे, तसलाच तो उपद्व्याप. पोवाड्यात डफ थांबवून शाहीर प्रसंग गद्यात उलगडतो व झीलकऱ्यांच्या ‘जी जी’वर पद पुन्हा उचलले जाते, मेटलमध्ये हेच काम गुरगुरता कंठ आणि मोकळे गायन आलटूनपालटून करतात.