नैरोबीच्या रानाची चौथी बाजू

आफ्रिकेची सफारी म्हटली की आपल्याला मसाई मारा आठवतं. आज मी सांगणार आहे नैरोबी राष्ट्रीय उद्यानाबद्दल. क्षेत्रफळ जेमतेम ११७ चौरस किलोमीटर, मुंबईच्या बोरिवलीतल्या उद्यानाहून थोडंच मोठं आणि तसंच शहराला खेटून. पहाटे आत शिरलो. दुपारपर्यंत सिंह, काळा गेंडा, रानम्हशी, झेब्रे सगळे दिसले. जिराफाच्या पाठीमागे उंच इमारतींची रांग!

या शहराच्या जन्माशी आपला संबंध आहे. १८९६ मध्ये इंग्रजांनी मोंबासाहून रेल्वे टाकायला घेतली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार माणसं नेली. त्यातली जवळपास अडीच हजार तिकडेच दगावली. १८९९ मध्ये रूळ मसाईंच्या एका पाणवठ्यापाशी पोहोचले, तिथे रेल्वेचा तळ पडला. तोच तळ म्हणजे आजचं नैरोबी.

शहर वाढलं, तशी जनावरं मागे रेटली गेली. तेव्हा नैरोबीतच जन्मलेल्या मर्व्हिन कॉवी यांनी एक युक्ती केली. टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं की सगळी जनावरं मारून टाका. लोक खवळले, कॉवींना तेच हवं होतं. १९४६ मध्ये केनियातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. मसाईंची चराई मात्र तिथून गेली, हेही विसरू नये.

१८ जुलै १९८९ रोजी याच उद्यानात राष्ट्राध्यक्ष मोई यांनी १२ टन हस्तिदंत पेटवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. ती जागा आजही दाखवतात.

पण फौजी माणसाची नजर आधी नकाशाकडे जाते. उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेला फक्त नदी. पावसाळ्यात झेब्रे आणि वाइल्डबीस्ट नदी ओलांडून पलीकडच्या मैदानात चरायला जातात, कोरड्या दिवसांत परततात. ही या रानाची रसदेची वाट. गड कितीही बुलंद असला, तरी रसद तुटली की पडतो.

पलीकडची मसाईंची सामाईक जमीन १९८० च्या दशकात वाटली गेली. मग प्लॉट पडले, तारा आल्या. कुंपण घालू नये म्हणून २००० पासून मालकांना एकरी वर्षाला ४ डॉलर देण्याची योजना निघाली. जमिनीच्या भावापुढे ही रक्कम किती टिकणार? तरीही काही मसाई कुटुंबांनी वाट मोकळी ठेवली. २०१९ मध्ये सुरू झालेली नवी रेल्वे उद्यानातून उंच खांबांवरून जाते. तिच्याखालून जनावरं फिरतात. विकलेल्या प्लॉटखालून जाता येत नाही.

आपल्याकडे कान्हा आणि पेंचमधल्या वाघांच्या वाटेचा प्रश्न हाच आहे. म्हणून नैरोबीला गेलात, तर सिंह जरूर बघा, पण दक्षिणेच्या टोकालाही जा. नदीपलीकडे काय बांधलं जातंय, ते पाहून या.