पाठीवर हात कुणाचा?



मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा एक वेगळाच अर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, तर कंबरेसाठी. आमच्यातल्या एकीची कंबर भातलावणीत धरली होती. तीन आठवडे झाले तरी उठताना भिंतीचा आधार लागायचा, हंडा तर उचलायची सोयच नव्हती. तालुक्याला एक नवा दवाखाना निघाला होता, पाटीवर ‘कायरोप्रॅक्टिक’ असं लिहिलेलं. हाताने झटका देऊन मणके जागेवर बसवतात म्हणे. दहा वेळा यावं लागेल आणि पैसे आधी भरावे लागतील, असं तिला सांगितलं होतं.

बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, पडून राहा, शेक घे, आपोआप जाईल. काहीजणी म्हणाल्या, तुम्हाला बोलायला काय जातं, दुखतंय तिला. त्या दिवशी निर्णय झालाच नाही. आधी माहिती काढू, मग पैशाचं बघू, असं ठरलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना विचारलं, त्यांनी काही वाचायला दिलं, कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी काही शोधून दिलं. त्यातून जी गोष्ट हाती लागली ती आज सांगतो. ती बरीच मागे जाते आणि बरीच लांबही जाते.

पाठीच्या दुखण्याला हाताने उतारा द्यायची चाल फार जुनी आहे. आपल्याकडे तर पायानेही देतात. उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचं, त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत तुम्हीही ऐकली असेल. आमच्यातल्या एकीची आजी पायाळू होती. लावणीच्या दिवसांत सकाळी सकाळी तिच्या दाराशी माणसं वाकून उभी असायची, असं ती सांगते. बऱ्याचजणांची उसण उतरायचीही. ती आजीच्या पायाने उतरायची की दोन-चार दिवसांत उतरणारच होती, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. आजच्या सगळ्या गोष्टीत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे.

इंग्लंडमध्येही हाड बसवणारे गावोगाव होते. त्यात एक बाई फार गाजली, सारा मॅप. बाप हाडवैद्य, त्याच्याकडूनच ती शिकली. १७३६ च्या सुमाराला तिची इतकी ख्याती झाली की एप्सम गावाहून ती घोड्यांच्या गाडीतून लंडनला रुग्ण पाहायला जायची. डॉक्टर मंडळींनी तिची टर उडवली, तिची व्यंगचित्रं निघाली. १७३७ मध्ये ती गेली तेव्हा मात्र पदरात काही नव्हतं.

आता त्या पाटीवरच्या शब्दाकडे येऊ. कायरोप्रॅक्टिक अमेरिकेत जन्मलं, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट या गावी, १८९५ साली. डॅनियल डेव्हिड पामर नावाचा माणूस. डॉक्टर नव्हे, आधी किराणा विकायचा, मग हात फिरवून लोहचुंबकासारखी शक्ती देतो असं सांगून उपचार करायचा. त्याच्या इमारतीत हार्वे लिलार्ड नावाचा एक काळा सफाई कामगार होता. त्याला बरीच वर्षं ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत काहीतरी सटकलं आणि तेव्हापासून ऐकू येईना, असं तो म्हणाला, हे पामरनेच लिहून ठेवलंय. पामरने त्याच्या पाठीवर उंचवटा चाचपला, दाबून मणका बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं, असा दावा केला.

म्हणजे बघा, जो उपचार आज कंबरेसाठी विकला जातो, त्याचा पहिला रुग्ण कंबरेचा नव्हताच, बहिरेपणाचा होता! कानाची नस कानातून सरळ मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यातून ती जातच नाही. पण पामरने यावरून मोठा सिद्धांत उभा केला: जवळजवळ सगळे रोग मणका सरकून नस दबल्यामुळेच होतात. हा सिद्धांत पुढे टिकला नाही. टिकली ती हाताची कला, आणि तीही पाठ-कंबरेपुरती.

पामरला १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तुरुंगात टाकलं. त्याच्या मुलाने, बी. जे. पामरने, शाळा वाढवली. सुनेचं नाव मेबल पामर. तिने शरीररचना शिकून घेतली, वर्षानुवर्षं शिकवली, त्यावर पुस्तकही लिहिलं. वैद्यकीच्या बऱ्याच कॉलेजांत बायांना दार बंद होतं त्या काळात या शाळेत बाया शिकत होत्या, हे नोंदवून ठेवू. आणि आपण रेडिओवर बोलतोय म्हणून आणखी एक सांगावंसं वाटतं. या मुलाने १९२२ मध्ये चक्क एक रेडिओ केंद्र विकत घेतलं आणि शाळेत बसवलं. उपचाराची जाहिरात घरोघर पोचली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांची रेडिओवरची पहिली नोकरी याच केंद्रातली. आजचे मोबाइलवरचे कडाकड हाडं वाजवण्याचे व्हिडिओ पाहिले की आम्हाला हा बी. जे. आठवतो.

त्या कडाकड आवाजाचंही सांगून टाकतो, कारण आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त भुरळ त्याचीच होती. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. सांध्यात पातळ द्रव असतो, सांधा झटकन ताणला की त्यात वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना होतो तोच.

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने या लोकांना वाळीत टाकलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे रुग्ण पाठवायचा नाही, त्यांच्याबरोबर काम करायचं नाही. काही कायरोप्रॅक्टर १९७६ मध्ये कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये सुझन गेट्झेंडॅनर या न्यायाधीशबाईंनी निकाल दिला की हा बहिष्कार बेकायदा आहे. पण नीट ऐका. उपचार गुणकारी आहे की नाही, याचा तो निवाडा नव्हता. एकाने दुसऱ्याचा धंदा बंद पाडायचा नाही, एवढाच तो निवाडा. ‘आम्ही कोर्टात जिंकलोय’ असं कुणी सांगितलं तर हे लक्षात असू द्या.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू, आपलं आपण बरं होण्याची, तिचीही गोष्ट आहे, आणि ती न्यूझीलंडमधल्या एका गमतीने सुरू होते. वेलिंग्टन शहरात रॉबिन मॅकेन्झी नावाचा फिजिओथेरपिस्ट होता. १९५६ मध्ये त्याच्याकडे पाय-कंबर दुखणारा एक रुग्ण आला. मॅकेन्झी म्हणाला, आत जाऊन टेबलावर पालथे पडा, आलोच. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी वर उचलून ठेवलेली होती. माणूस तसाच पालथा पडला, कंबर मागे वाकलेली. मॅकेन्झी आला आणि दचकलाच, कारण त्या काळी हे घातक समजत. रुग्ण म्हणाला, कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. तिथून मॅकेन्झीने वर्षानुवर्षं बघत बघत व्यायामाची पद्धत बसवली आणि १९८० मध्ये आपल्या पाठीचा उपचार आपणच करण्याचं छोटं पुस्तक काढलं. त्यातला हातावर रेटून छाती उचलायचा व्यायाम पाहिला तर तुम्ही म्हणाल, हे तर भुजंगासनासारखंच की! पण सगळ्यांना तेच मानवतं असं नाही. कुणाची कळ त्याने वाढते, मग थांबायचं.

आणि पडून राहण्याचं काय? आमच्यातल्या निम्म्याजणींचा सल्ला तोच होता. डॉक्टरही पूर्वी तेच सांगायचे, आठवडाआठवडा अंथरुणात. अमेरिकेत १९८६ मध्ये दोनशेहून थोड्या जास्त रुग्णांवर पाहिलं: निम्म्यांना दोन दिवस पडायला सांगितलं, निम्म्यांना सात दिवस. बरे दोघेही सारखेच झाले, फक्त सात दिवसवाल्यांचा रोजगार जास्त बुडाला. मग १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर पाहिलं. काहींना दोन दिवस अंथरुण, काहींना पाठीचे व्यायाम, काहींना सांगितलं, झेपेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यात लवकर सावरले ते हे तिसरे. सगळ्यात उशिरा, अंथरुणातले.

हे वाचून आमच्यातल्या सासवा गप्प झाल्या. आणि एक सून म्हणाली, म्हणजे आता कंबर दुखली तरी कामच का? प्रश्न बरोबर आहे. ‘झेपेल तेवढं’ या शब्दांचा अर्थ चिखलात दिवसभर वाकून लावणी असा होत नाही. चालणं, भाकरी थापणं, थोडं उठणं-बसणं, असा होतो. हे घरातल्या बाकीच्यांनी समजून घ्यायचं आहे.

आता नेमका आमचा प्रश्न: पैसे भरून झटका घ्यावा की आपलं आपण बघावं? हाच प्रश्न अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात कुणी तरी सरळ विचारला होता. डॉक्टरला दाखवून आठवडा झाला तरी कंबर थांबलेली नाही अशा ३२१ माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एकाला कायरोप्रॅक्टर, एकाला मॅकेन्झीची फिजिओथेरपी, आणि तिसऱ्याच्या हातात फक्त एक माहितीपुस्तिका. सायटिकाचे रुग्ण यात घेतले नव्हते. निकाल १९९८ मध्ये छापला. महिन्याभराने कायरोप्रॅक्टरवाल्यांचं दुखणं पुस्तिकावाल्यांपेक्षा थोडंसं कमी होतं. पुढे फरक उरला नाही. पुढच्या दोन वर्षांत पुन्हा कंबर धरणं, खाडे, तिन्ही गटांत सारखंच. खर्च मात्र सारखा नव्हता: दोन वर्षांत हाताच्या उपचाराला माणशी ४२९ डॉलर, फिजिओथेरपीला ४३७ आणि पुस्तिकेला १५३.

पण याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. आपली काळजी चांगली घेतली गेली असं पहिल्या दोन गटांत चारातल्या तिघांना वाटलं. पुस्तिकावाल्यांत दहातल्या तिघांनाच. आम्ही या आकड्यापाशी बराच वेळ थांबलो. दुखणाऱ्या पाठीवर कुणी हात ठेवला, कुठे दुखतं हे विचारलं, याला किंमत आहे. आमच्या त्या मैत्रिणीला तीन आठवड्यांत घरातल्या कुणी हे विचारलं होतं का? म्हणून दवाखान्यात जाणारी बाई खुळी, असं आम्ही म्हणणार नाही.

पुढे २००४ मध्ये ब्रिटनमध्ये तेराशेहून जास्त रुग्णांवर पाहिलं, तिथेही हाताचा उपचार आणि त्यानंतर व्यायाम यांनी फायदा झाला, पण बेताचाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी सल्ला काढला. त्यात माहिती देणं, व्यायाम, मसाज आणि मणक्याचा हाताने उपचार हे सगळं चालेल म्हटलंय. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणं नको म्हटलंय. आमच्या गावात पट्टे किती घरांत आहेत ते मोजायला गेलं तर लाज वाटेल.

दोन गोष्टी डॉक्टरबाईंनी बजावून सांगितल्या. मानेला झटका देऊन घेऊ नका. क्वचितच, पण त्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याची उदाहरणं आहेत. आणि काही खुणा दिसल्या तर झटकाही नको, व्यायामही नको, थेट डॉक्टर: लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांमधली जागा बधिर होणं, पायातली ताकद जाणं, ताप, विनाकारण वजन घटणं, किंवा पडल्यावर सुरू झालेली कळ. वयस्कर बायांची हाडं ठिसूळ असतात, त्यांच्या पाठीवर कुणाला जोर लावू देऊ नका.

आमच्या चर्चेत शेवटी विषय कामावरच आला. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मजुरांना आखूड दांड्याच्या खुरप्याने दिवसभर वाकून विरळणी करावी लागायची. उभा दिसला की तो कामचुकार, हे मुकादमाला लांबून कळायचं, म्हणून मालकांना तेच अवजार हवं होतं. लांब दांड्याने पीक बिघडतं, असंही ते सांगत. मजुरांनी लढून १९७५ मध्ये त्या आखूड दांड्यावर राज्यभर बंदी आणली. त्यांच्या पाठीचा हा उपाय कुठल्याच पाटीवर लिहिलेला नव्हता.

आता कर्जाचं सांगतो. गटाने अर्ज मंजूर केला, पण दहा वेळांचे पैसे आधी भरायचे नाहीत, जेवढ्या वेळा जाशील तेवढेच द्यायचे, असं तिनेच दवाखान्यात सांगितलं. आधी नाही म्हणाले, मग तयार झाले. ती तीनदा गेली. बरं वाटलं म्हणाली. त्याच दिवसांत रोज संध्याकाळी आम्ही चौघीजणी तिच्याबरोबर कॅनॉलपर्यंत चालत जाऊ लागलो, आणि पाण्याचे हंडे तिचा मुलगा भरू लागला. दीड महिन्याने कंबर सुटली. कशाने सुटली, ते तिलाही सांगता येत नाही. उरलेल्या पैशातून तिने लांब दांड्याचं कोळपं घेतलंय. ते परड्यातल्या भाजीला चालतं, भाताच्या चिखलात चालत नाही. कर्जाचे चार हप्ते फिटले, दोन राहिलेत.