थंड हवा आधी कागदाला मिळाली

उन्हाळा तोंडावर आला की घराघरांत एसीचा विषय निघतो. एक टनाचा घ्यावा की दीड टनाचा, इन्व्हर्टर असावा की साधा, हप्ता किती बसेल, यावर बोलणं होतं. हे यंत्र मुळात कुणासाठी तयार झालं, हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. माणसाला उकडू नये म्हणून कुणीतरी डोकं चालवलं असेल, असं आपण गृहीत धरतो. इतिहास वेगळी गोष्ट सांगतो. आधुनिक एअर कंडिशनिंगची सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात झाली, आणि ते यंत्र तिथं बसवलं गेलं ते कागदासाठी.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दू छपाईचा इतिहास शिळाछापाशिवाय सांगताच येत नाही. नस्तालीक लिपीची वळणं शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नसत. म्हणून कातिब हातानं मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरवला जायचा आणि त्यावरून प्रती निघायच्या. लखनौत १८५८ साली मुन्शी नवल किशोर यांनी सुरू केलेल्या छापखान्यातून शिळाछापावर असंख्य उर्दू-फारसी पुस्तकं बाहेर पडली. मुंबईत १८९४ साली राजा रविवर्मा यांनी काढलेला छापखानाही शिळाछापाचाच. त्यांच्या रंगीत चित्रांसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागायचा आणि तोच कागद यंत्रातून पुन्हा पुन्हा जायचा. दुसरा रंग पहिल्याच्या जागी अचूक बसला नाही, तर ओठांची लाली हनुवटीवर यायची.

ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स कंपनीला नेमकी हीच अडचण होती. तीही शिळाछापानं रंगीत छपाई करायची. 'जज' नावाचं विनोदी साप्ताहिक तिथं छापलं जायचं. दमट दिवसांत कागद ओलावा शोषून फुगायचा, कोरड्या दिवसांत आकसायचा. एका रंगाची छपाई झाल्यावर दुसऱ्या रंगाची वेळ येईपर्यंत कागदाचं माप बदललेलं असायचं. रंग सरकायचे आणि छापलेला माल वाया जायचा.

हे काम बफेलो फोर्ज या कंपनीकडं आलं. ही कंपनी पंखे आणि हवा तापवण्याची यंत्रं बनवायची. थंड हवेच्या इतिहासातला हा पहिला मोठा कारखाना मुळात ऊब देणारा होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथं विलिस कॅरिअर नावाचा पंचविशीतला इंजिनिअर होता. १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेऊन तो आठवड्याला १० डॉलर पगारावर नोकरीला लागला होता. १७ जुलै १९०२ ही तारीख असलेले त्याचे आराखडे आज आधुनिक एअर कंडिशनिंगचा आरंभ मानले जातात. वर्षभर हवेतली सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांवर स्थिर ठेवायची, हे त्याचं उद्दिष्ट होतं. थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा नेली की ती गार व्हायची आणि तिच्यातलं जादा पाणी गळून पडायचं.

यातलं शास्त्र आपल्या घरातही दिसतं. स्टीलच्या पेल्यात गार पाणी ओतलं की पेल्याला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी पेल्यातून झिरपलेलं नसतं, ते हवेतलं असतं. गार हवेत बाष्प कमी मावतं, म्हणून उरलेलं पाणी होऊन बाहेर पडतं. आपला डेझर्ट कूलर याच्या उलट चालतो. तो हवेत ओलावा घालून गारवा देतो. म्हणून नागपूर-जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात तो छान चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत अंग आणखी चिकट करतो.

कॅरिअरनं पुढं याहून नवलाची गोष्ट केली. पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर दाट धुक्यात उभा असताना त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. धुकं म्हणजे ओलाव्यानं पूर्ण भरलेली हवा, पण ती गार असल्यामुळं तिच्यात प्रत्यक्ष पाणी थोडंच असतं. मग हवेतून पुरेशा थंड पाण्याचे फवारे सोडले, तर पाण्यानंच हवा कोरडी करता येईल आणि पाण्याचं तापमान बदलून हवेत किती ओलावा ठेवायचा हे ठरवता येईल. या यंत्राचं पेटंट त्याला २ जानेवारी १९०६ रोजी मिळालं. १९११ मध्ये त्यानं हवा, तापमान आणि आर्द्रता यांच्या संबंधाची सूत्रं अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढं मांडली. या शाखेचं गणित त्यावर उभं राहिलं.

कागदानंतर पाळी आली धाग्याची. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दही कॅरिअरचा नव्हे. तो १९०६ साली स्टुअर्ट क्रॅमर या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरनं वापरात आणला. गिरणीत सुताला योग्य ओलावा देण्याला 'कंडिशनिंग' म्हणत, त्यावरून हे नाव आलं. कोरड्या हवेत सूत तटतटा तुटतं. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या कारागिराला हे कुणी शिकवायला नको. कॅरिअरची यंत्रणा १९०६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका सूतगिरणीत बसली आणि १९०७ मध्ये जपानच्या योकोहामातल्या रेशीम गिरणीसाठी विकली गेली. पुढं तंबाखू, औषधांच्या कॅप्सूल, फिल्म असे मालामागून माल या यादीत आले.

इथं थोडं थांबून विचार करावासा वाटतो. सुताला ओलावा हवा, पण गरम शेडमधल्या माणसाला तोच ओलावा जीवघेणा वाटतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापड कारखान्यांत सूत तुटू नये म्हणून शेडमध्ये चक्क वाफ सोडत. त्यावर मर्यादा घालायला १८८९ मध्ये कायदा करावा लागला. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही कृत्रिम आर्द्रतेसाठी स्वतंत्र कलम होतं, १५ वं. हवेत किती ओलावा असावा याचे नियम राज्य सरकारनं करावेत आणि त्यासाठी वापरायचं पाणी शुद्ध असावं, असं ते सांगायचं. मालासाठी हवा बदलायला यंत्र आलं. त्या हवेत उभ्या राहणाऱ्या माणसासाठी कायदा आणावा लागला.

कंपनीचा जन्मही असाच अडचणीतून झाला. १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटलं तेव्हा बफेलो फोर्जनं हा अभियांत्रिकी विभाग बंद करायचं ठरवलं. मग कॅरिअर, त्याचा मित्र अर्विन लाइल आणि आणखी पाच इंजिनिअर, अशा सात जणांनी ३२,६०० डॉलर उभे करून १९१५ मध्ये स्वतःची कॅरिअर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन काढली. १९२२ मध्ये कॅरिअरनं केंद्रोत्सारी शीतयंत्र लोकांपुढं आणलं. आधीच्या यंत्रांत अमोनिया असायचा. तो गळला तर जिवावर बेतायचं, म्हणून गर्दीच्या जागी तसं यंत्र ठेवणं धोक्याचं होतं. नव्या यंत्रानं ती अडचण बरीच दूर केली.

आता माणसांची पाळी आली, पण ती गिऱ्हाइकांची. १९२४ मध्ये डेट्रॉइटच्या एका मोठ्या दुकानात हे यंत्र बसलं. १९२५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या रिव्होली सिनेमागृहात थंड हवा सुरू झाली. लोक सवयीनं हातपंखे घेऊन आले होते. हळूहळू एकेकाचा हात थांबत गेला. उन्हाळ्यात ओस पडणारी सिनेमागृहं त्यानंतर उन्हाळ्यातच भरू लागली.

घरात हे यंत्र शिरायला मात्र फार वेळ लागला. १९१४ मध्ये मिनियापोलिसमधल्या एका श्रीमंताच्या हवेलीत यंत्रणा बसवली गेली होती, पण घरात राहायला येण्याआधीच मालक वारला. १९२८ मध्ये कॅरिअरनं घरगुती 'वेदरमेकर' आणला, पाठोपाठ महामंदी आली आणि विक्री खुंटली. १९३० मध्ये कंपनीनं हवा तापवण्याच्या धंद्यातली एक कंपनी आणि एक रेफ्रिजरेशन कंपनी सोबत घेतली. १९३७ मध्ये ती सिरॅक्यूजला गेली. विलिस कॅरिअर १९५० मध्ये वारला तेव्हाही बहुतेक अमेरिकन घरं एसीविना होती.

घर जिंकायला हिवाळा उपयोगी पडला. थंड प्रदेशातल्या अनेक अमेरिकन घरांत तळघरात भट्टी असायची आणि पत्र्याच्या नळकांड्यांतून गरम हवा खोल्यांत जायची. १९५५ मध्ये ब्रायंट, पेन यांसारख्या नावांनी घरगुती भट्ट्या बनवणारी कंपनी कॅरिअरमध्ये विलीन झाली. त्याच नळकांड्यांतून आता उन्हाळ्यात थंड हवा सोडता येऊ लागली. २०२४ च्या सुरुवातीला कॅरिअरनं जर्मनीच्या फिसमान कंपनीचा घर तापवण्याचा व्यवसाय घेतला. हा सौदा १२ अब्ज युरोचा होता. त्यात हीट पंपांचा मोठा वाटा आहे. हीट पंप म्हणजे उलटा फिरवता येणारा एसीच. उन्हाळ्यात तो घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरची आत आणतो.

या यंत्राचा स्वभाव त्यातच कळतो. एसी गारवा निर्माण करत नाही, तो उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकतो. आपली खोली गार होते तेव्हा ती उष्णता, वर वापरलेल्या विजेची उष्णता धरून, गल्लीत येते. दाट मोहल्ल्यात, जिथं दोन घरांत हातभर अंतर असतं, ती थेट शेजाऱ्याच्या खिडकीवर जाते. त्या शेजाऱ्याच्या घरी अनेकदा फक्त पंखा असतो.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं होतं की जगाच्या सर्वांत उष्ण भागांत २.८ अब्ज लोक राहतात आणि त्यांतल्या फक्त ८ टक्क्यांकडं एसी आहे. भारत सरकारनं २०१९ मध्ये 'कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन' आणला, त्यातही सर्वांना उष्म्यापासून दिलासा हे ध्येय लिहिलेलं आहे. त्यासाठी प्रत्येक घरी एसीच हवा असं नाही. छताला पांढरा चुना, पत्र्याखाली उष्णतारोधक थर, समोरासमोर खिडक्या, दारात झाड, दुपारच्या कामाच्या वेळा बदलणं, हे एसीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

पत्र्याच्या वर्गात एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर शिकवताना मुलांची नजर फळ्यावरून सुटते, हे माझ्यासारख्या अनेक शिक्षकांनी पाहिलं आहे. त्या मुलांतल्या काहींचे वडील त्याच वेळी यंत्रमागाच्या शेडमध्ये असतात. कागद फुगला तर नुकसान किती, सूत तुटलं तर किती, याचा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला आणि त्यावर उपायही निघाला. शेडमध्ये मजूर किती वेळा चक्कर येऊन पडला, पत्र्याखाली मुलांचे अभ्यासाचे किती तास वाया गेले, याची नोंद आजही बहुतेक ठिकाणी कुणी ठेवत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत, कारखान्याच्या मालकापुढं, नगरसेवकापुढं आपण ही नोंद मागायला हवी. छपाईच्या मालकानं कागदाचं नुकसान मोजलं होतं, म्हणूनच तो इंजिनिअरकडं गेला.