पहिलं गाणं पडलं तेव्हा

परवा भाचा आला तो तोंड पाडूनच. चार मित्रांनी बॅन्ड काढलाय. इथे सोलापुरात पूर्व भागात एकाच्या काकांचं गोदाम आहे, शेजारी यंत्रमाग. दिवसभर खडखडाट, म्हणून रात्री माग बंद झाले की यांचा सराव. महिनाभर खपून पहिलं गाणं नेटवर टाकलं. ऐकलं जेमतेम दोनशे जणांनी. "त्यातले निम्मे नातेवाईक, मामा." (मी एकट्यानेच नऊ वेळा ऐकलंय, ते सांगितलं नाही.)

मग त्याला पाचगणीच्या एका पोराची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

फारुख बलसारा. १९४६ साली झांझिबारमध्ये पारशी घरात जन्म. आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, बोर्डिंगला. तिथे १९५८ मध्ये मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बॅन्ड काढला, हा पियानोवर. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढे हाच फ्रेडी मर्क्युरी. ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर १९७० मध्ये 'क्वीन' सुरू झाला, १९७१ मध्ये बेस वाजवायला जॉन डीकन आला.

स्टुडिओला पैसे कुठले? पण वेम्बलीत डी लेन ली स्टुडिओ नवा उभा राहत होता, यंत्रं तपासायला त्यांना दणदणीत वाजवणारं कोणीतरी हवं होतं. हे गेले. बदल्यात पाच गाणी फुकट रेकॉर्ड झाली, त्यातलं एक मेने लिहिलेलं 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह'. मेची गिटारही घरचीच बरं का, वडिलांबरोबर बनवलेली, दांडा जुन्या शेकोटीच्या लाकडाचा!

खरी तबकडी १९७२ मध्ये ट्रायडंट स्टुडिओत झाली. तिथे डेव्हिड बोवीसारखी बडी गिऱ्हाईकं. ती उठली की उरलेल्या वेळात, अपरात्री, यांचा नंबर. या एका गाण्याचं मिक्सिंग कितीदा केलं तरी मनासारखं होईना. शेवटी माइक स्टोन या इंजिनिअरचं पसंत पडलं.

६ जुलै १९७३ ला ईएमआयने सिंगल काढलं. बीबीसी रेडिओ वनने पाच वेळा नाकारलं. खपाच्या यादीत नावसुद्धा नाही. मला वाटतं, सुरुवातीची गिटार नडली. ती सावकाश चढत जाते, गाणारा येईपर्यंत रेडिओवाल्याला धीर कुठला? मला स्वतःला तोच भाग सगळ्यात आवडतो. असो.

यश आलं फेब्रुवारी १९७४ मध्ये, 'सेव्हन सीज ऑफ राय' या गाण्याला. 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात बोवीची फिल्म मिळाली नाही, ऐन वेळी यांना बोलावलं. गाणं दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. स्टुडिओत बोवीचा उरलेला वेळ, टीव्हीवर बोवीची रिकामी जागा! गंमत आहे की नाही?

"आणि ते पहिलं गाणं? सोडून दिलं?" भाच्याने विचारलं.

"छे! कार्यक्रमांत कितीतरी वर्षं वाजवत होते."

तो शेंगाचटणीत भाकरीचा तुकडा फिरवत बसला. "मामा, आमची पण सुरुवातीची गिटार लांबलीय. कापू का?"

काय सांगणार? तेवढ्यात त्याचा फोन वाजला. माग बंद झाले होते. अर्धी भाकरी ताटात टाकून पळाला.