जुन्या रेकॉर्ड कशा पारखाव्यात? रॉक आणि सोलच्या एलपी घेणाऱ्यांसाठी

जुनी रेकॉर्ड म्हणजे आधी कुणीतरी वाजवलेली व्हायनलची तबकडी. बीटल्स, पिंक फ्लॉइड, मार्विन गे, स्टीव्ही वंडर यांच्या एलपी भारतात जुन्या बाजारांत आणि ऑनलाइन मिळतात. मात्र झिजलेली खाच कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. म्हणून पैसे देण्याआधीची पारख महत्त्वाची.

कुठे मिळतात?

मुंबईत चोर बाजारातील मटण स्ट्रीट आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही ओळखीची ठिकाणे. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले. शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावातून या बाजारांत जायचे तर दिवस मोडतो. त्यामुळे खरेदी बहुधा फोटो पाहूनच होते. अशा वेळी रेकॉर्डच्या दोन्ही बाजू, लेबल आणि कव्हर यांचे तिरप्या उजेडात काढलेले फोटो मागवावेत. शक्य असल्यास वाजवून दाखवलेला व्हिडिओही मागावा. परदेशातून मागवताना टपालखर्चाबरोबर सीमाशुल्क आणि करही धरावा.

आकार आणि वेग

एलपी १२ इंची असते आणि मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एका बाजूला साधारण २० मिनिटांचे संगीत मावते. ७ इंची छोट्या रेकॉर्ड बहुधा ४५ च्या वेगाने वाजतात. ७८ च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. भारतात अनेक घरांत वीज नव्हती आणि चावीचे ग्रामोफोन चालत होते. त्यामुळे १९६० च्या दशकात बीटल्सची गाणीही इथे ७८ वर निघाली, आणि आज परदेशी संग्राहक त्या शोधतात. पण त्यांची खाच रुंद असते. एलपीची सुई त्यांना चालत नाही, वेगळी जाड सुई लागते.

काय पाहावे?

• ओरखडे: रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरा. वरवरच्या बारीक रेषा फारशा त्रास देत नाहीत. बोटाला लागणारा ओरखडा दर फेऱ्याला 'टक' आवाज करतो, कधी सुई त्यातच अडकते.
• झीज: काळा चकचकीत पृष्ठभाग राखट, मंद दिसत असेल तर खाचा झिजल्या आहेत. जड किंवा बोथट सुईवर वारंवार वाजलेल्या रेकॉर्डमध्ये हे हमखास दिसते. त्यात तार स्वर फाटतात.
• वाक: तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून फिरवा. थोडा वाक चालतो. कड लाटेसारखी वरखाली होत असेल तर घेऊ नका.
• बुरशी: दमट हवेतल्या घरांतून आलेल्या रेकॉर्डवर पांढुरके ठिपके असतात. ते बहुतेकदा धुऊन जातात. म्हणून मळलेली पण न झिजलेली रेकॉर्ड स्वच्छ दिसणाऱ्या झिजलेल्या रेकॉर्डपेक्षा बरी.

दर्जाचे शब्द

विक्रेते मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड आणि गुड असे उतरते दर्जे लिहितात. 'गुड' या शब्दाने फसू नका. अशी रेकॉर्ड चांगलीच खरखरते. ऐकण्यासाठी साधारणपणे व्हेरी गुड प्लस पुरते. दर्जा नुसता पाहून दिला की वाजवून, हे जरूर विचारा.

संच पूर्ण आहे का?

काही अल्बमची किंमत आतल्या वस्तूंवरही ठरते. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) च्या मूळ संचात पोस्टर आणि स्टिकर होते. स्टीव्ही वंडरच्या 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' (१९७६) मध्ये दोन एलपींबरोबर चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड आणि पुस्तिका होती. रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स' (१९७१) च्या कव्हरवर खरी चेन होती. तिच्या दाबाने रेकॉर्ड खराब होत, त्यामुळे त्या जागी खूण आहे का ते पाहा.

लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेले आकडे-अक्षरे टिपून घ्या. प्रत कोणत्या आवृत्तीची, हे त्यांवरून ताडता येते. कव्हर आणि रेकॉर्ड एकाच आवृत्तीची आहेत ना, तेही पडताळा.

घरी आणल्यावर

व्हायनल स्वच्छ मऊ कापडाने किंवा कार्बन ब्रशने खाचांच्या दिशेने पुसा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, थप्पी लावू नका. बीडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली आणि उन्हात उभी बंद गाडी या दोन जागा टाळाच, तिथे चांगली एलपीही वाकते. आणि पहिली एलपी घेण्याआधी आपल्या प्लेअरची सुई तपासून घ्या. बोथट सुई नव्या खरेदीचीही तीच गत करते.