नदीकाठची मुरमाची वाट



इंदुराहून उत्तरेस सांवेरकडे जो मुलूख पसरला आहे, तो पाहिला म्हणजे सायकल चालविणाऱ्यास याहून सोयीचा प्रदेश क्वचितच मिळेल असे मनात येते. माळव्याचे हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असले तरी चढउतार थोडे. काळी जमीन, गहू, हरभरा आणि सोयाबीन यांची शेते, आणि त्यांमधून संथपणे वाहत जाऊन उज्जैनच्या अलीकडे क्षिप्रेस मिळणारी कान्ह नदी. जुन्या कागदांत हिचेच नाव खान. इतके असूनही नदीच्या काठाकाठाने जाणारी, मोटारींचा उपद्रव नसलेली, मुरूम दाबून केलेली सलग वाट मात्र येथे नाही. ती का नाही याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. आणि तो रस्त्याचा कमी, पाण्याचा अधिक आहे.

प्रथम सायकलीविषयी थोडे. १८८५ साली स्टार्ले यांची सारख्या चाकांची व साखळीची 'रोव्हर' सायकल निघाली, आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेला टायर बनविला. त्या काळी डांबरी सडक जवळजवळ नव्हतीच. सडक म्हणजे खडी आणि मुरूम, पाणी मारून वर रूळ फिरविलेली. धूळ व खड्डे यांना कंटाळलेल्या इंग्लंडमधील सायकलस्वारांनी १८८६ मध्ये रस्ते सुधारण्यासाठी स्वतंत्र संघटना उभारली. अमेरिकेतही तशीच चळवळ झाली. रस्ते सुधारले, आणि त्यांवर मोटार आली! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. ज्यांनी मागणी केली होती, ते कडेला लोटले गेले.

मग मोटारीच्या तावडीतून कोणत्या वाटा सुटल्या? ज्या पाण्याच्या कामासाठी झाल्या होत्या, त्या. हॉलंडात १६३२ साली ॲम्स्टरडॅम ते हार्लेम हा कालवा उतारूंच्या होड्यांसाठी खुला झाला. होडी घोडा ओढीत असे, म्हणून पाण्यालगत घोड्यासाठी सपाट वाट ठेवावी लागे. डॅन्यूब नदीवरही प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावा घोडेच ओढीत. पुढे वाफेच्या बोटी आल्या, घोडे गेले. पण काठ आणि बांध यांवर देखरेख करणाऱ्यांना वाट हवीच होती, म्हणून ती राहिली. जर्मनीतील पासाउपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरापर्यंत तीनशे किलोमीटरांहून लांब असा जो सायकलमार्ग १९८० नंतरच्या दशकात नावारूपास आला, तो बव्हंशी घोड्यांच्या या जुन्या वाटेवरूनच जातो.

इतके दूर जावयाचेही कारण नाही. १८७० नंतरच्या दशकात बांधलेल्या खडकवासला धरणाचा मुठा उजवा कालवा पाहा. कालव्यास पाणी हळूहळू उतरत न्यावयाचे असते. त्यामुळे तो डोंगर चढत नाही, की एकदम खालीही येत नाही, भूमीच्या समपातळीस धरून वळणे घेत जातो. त्याच्या भरावावरील वाटही मग आपोआप सपाट होते. ती केली अभियंत्यासाठी आणि पाटकऱ्यासाठी. पण पुण्याचे लोक तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या फिरावयास जात आले आहेत आणि सायकलीही हाकीत आले आहेत. तिची निगा कोणी राखली असेल, तर ती पाण्याने, म्हणजे पाण्याच्या गरजेने.

आता इंदुरास परत येऊ. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९१८ मध्ये, या शहराच्या रचनेविषयी दोन भागांचा एक मोठा अहवाल येथेच छापला गेला. लेखक होते स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. हे गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांच्या नगररचनेच्या प्रदर्शनाचे सामान घेऊन येणारे जहाज 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडविले. त्यांनी पुन्हा सामान जमविले आणि काम सुरू केले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले तेही हेच.

तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने त्यांना बोलाविले, तेव्हा शहर प्लेगने त्रस्त होते. गेडिस यांनी दिवाळीच्या सुमारास एक अजब मिरवणूक काढविली. तिच्यात लक्ष्मी होती, प्लेगच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा होती, आणि नवी वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार मानाने चालत होते. ज्या मोहल्ल्यांतील घरे अधिक स्वच्छ, तेथून मिरवणूक जाईल असे आधीच जाहीर केले होते. घरोघरी केर निघाला हे सांगावयास नकोच. आज स्वच्छतेचे बक्षीस मिळाले की आपण ढोल वाजवितो. त्या ढोलाचा पहिला ठेका असा जुना आहे.

गेडिस यांनी कान्ह आणि सरस्वती या दोन्ही नद्यांकडे शहराचा कणा म्हणून पाहिले. काठ स्वच्छ करावेत, तेथे बागा कराव्यात, लोकांनी पाण्यालगत हिंडावे-फिरावे असा त्यांचा आग्रह होता. मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी सांगितली. शहराचा मैला नदीत न सोडता जमिनीस द्यावा, बागाशेतीस द्यावा, असे त्यांचे मत. योगायोग असा की, पुढे याच इंदुरात १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड यांनी केरकचरा व शेण यांपासून खत करण्याची पद्धत बसविली, आणि ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गाजली. शेतांनी ऐकले; गटारांनी ऐकले नाही.

कारण शहरास नदीची गरजच उरली नाही. १९३९ मध्ये गंभीर नदीवरील यशवंतसागराचे पाणी आले. तेही अपुरे पडू लागले, तेव्हा १९७० साली नागरिकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केले, आणि १९७८ मध्ये ती नर्मदा सुमारे सत्तर किलोमीटरांवरून, घाट चढवून, इंदुरास आणली गेली. आनंदाचाच तो दिवस. पण घरात आलेले पाणी घराबाहेरही जाते, आणि जाणार कोठे? जवळच्या नदीत. ज्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखालून कान्ह वाहते, तेथे लोक नाकाला रुमाल लावून जाऊ लागले. अशा पाण्याच्या कडेने कोण सायकल हाकणार, आणि त्या वाटेसाठी मुरूम तरी कोणी मागावा? गेडिस यांची बागांची सूचना काही अंशी अमलात आलीही असेल. परंतु जिच्यावर ती उभी होती, ती पाण्याची सूचना आपण सोडून दिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

अलीकडे चक्र थोडे उलटे फिरले आहे. नदीत उतरणारी गटारांची तोंडे बंद करण्यात आली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर ठरले. शहरातील काही काठ बांधून काढले गेले. तथापि शहराच्या खाली पाणी अद्याप निर्मळ झालेले नाही. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी उज्जैनच्या घाटांपासून नळाने वळविले गेले. २०२८ च्या सिंहस्थासाठी तर सुमारे तीस किलोमीटरांचा बंदिस्त मार्ग, काही अंतर भुयारातून, हाती घेण्यात आला आहे. हे वळण उज्जैनजवळचे. इंदूर ते सांवेर नदी उघडीच राहणार आहे.

तेथे वाट हवी आहे, आणि ती केवळ हौशी स्वारांस नव्हे. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की बैलगाडीही रुतते. मध्यप्रदेश शासन दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या सहावी व नववीच्या मुलामुलींना सायकली देते. माझा धंदा शिक्षकाचा, म्हणून मला हे आधी दिसते: आषाढात त्यांतल्या कित्येक सायकली घराच्या ओसरीवर उभ्या असतात, आणि मुले चिखलातून पायी येतात.