शिकलगाराची कानस

साताऱ्यात कॉलेजला असताना मी एक स्वस्तातली गिटार घेतली होती. महिन्याभरात बोटांची टोकं सोलून निघाली. घट्टे पडले की दुखायचं थांबेल, असं सगळे म्हणायचे. घट्टे पडले, दुखणं काही थांबलं नाही. दोष बोटांचा नव्हता, हे कळलं मिरजेत, तेही बहिणीच्या तानपुऱ्याची जवारी करून घ्यायला गेलो तेव्हा. सोबत गिटारही होती. कारागीर चाचांनी पहिल्या पडद्याशी तार दाबून पाहिली आणि म्हणाले, "मणी उंच ठेवलाय." मग बारीक कानशीनं मण्यावरच्या सहा खाचा किंचित खोल केल्या. दहा मिनिटांचं काम. वर्षभर अडलेला एफ कॉर्ड त्या दिवशी वाजला.

ही कानस त्या हातांत आली कुठून, हा माझा तेव्हापासूनचा नाद. मिरजेची तंतुवाद्यं ही शिकलगारांची विद्या. शिकल करणं म्हणजे शस्त्राला धार आणि जिलई देणं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारींचं काम आटलं आणि फरीदसाहेब शिकलगारांपासून ही मंडळी सतार-तानपुऱ्यांकडे वळली, असं सांगतात. पण हत्यार घासणाऱ्याला सूर कसा कळला, याचं उत्तर त्यात नाही. माझ्या मते ते शेजारात आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. त्यांच्याकडूनच शिकून विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ मध्ये बाहेर पडले. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले, आणि त्यांना तर वाद्य दुरुस्तीचं स्वतःचंच अंग होतं. शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल तारांच्या लांबीवरून श्रुती मोजत होते; त्यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० चं. असं गिऱ्हाईक दारात असलं की वाईट काम लपत नाही.

वाजवायला सोपं म्हणजे तार खाली, हे गिटारीपुरतं बरंचसं खरं. बाराव्या पडद्यापाशी तार दोन-अडीच मिलिमीटरवर असली की हात सुखावतो. सतारीत हे गणित चालत नाही. तिथे तार दाबायचीच नसते, बाजूला ओढायचीही असते. मींड चार-पाच सुरांपर्यंत जाते. म्हणून पडदे कमानदार आणि तार चांगली उंच. पडदे दोऱ्यानं बांधलेले, त्यामुळे रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारीच्या मानेत लोखंडी सळई असते (ती आणली १९२० च्या दशकात गिब्सन कंपनीनं), मान वाकली तर स्क्रू पिळायचा. सतारीच्या दांडीत असलं काही नाही. लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर दांडी पुढे-मागे बाक घेते आणि मग कितीही रियाज केला तरी हात भरून येतो. भीमाकाठचा भोपळाही तसाच, नीट वाळल्याशिवाय उपयोगाचा नाही.

तानपुऱ्याला तर पडदेच नाहीत. छेडायला कुणालाही येतो. तिथे सोय पाहायची गळ्याची. जवारी म्हणजे घोडीच्या सपाट माथ्याला दिलेला जेमतेम दिसणारा उतार. तार त्याला घासत कंप पावते आणि तिच्यातून सूर फुलतो. उतार चुकला तर तार खरखरते नाहीतर मुकी होते. चाचांनी बहिणीला आधी विचारलं, "स्वर कुठला?" काळी चार. मग गायला लावलं. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. दोन तास हेच. काळी एकच्या गायकाला तोच तानपुरा तितका साथ देणार नाही. त्याला मुळात लांब, मोठ्या भोपळ्याचा लागतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं, आता दुसरीकडचा माल मिरजेच्या नावावर खपवणं अवघड जाईल. पण जवारीचं माप कुठल्या कागदावर उतरवता येतं, असं मला वाटत नाही.

तार घोडीत चर पाडते, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी आमची मिरजेची खेप ठरलेली. गेल्या खेपेला चाचांचा मुलगा परदेशी जाणाऱ्या सतारीच्या पेटीचं माप फोनवर सांगत होता. कानस चाचांच्याच हातात होती. जवारी तू करतोस का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "घासतो मी. ऐकायला अब्बाच बसतात."